तुम्ही कोणाचे?

बाळापूर,
६ फेब्रुवारी २०११

प्रिय रागिणी,

सलाम. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि चौथ्याला रेंज जाते. ईमेल करावी तर आपल्या साइटच्या टपालात आता खड्यांतून गहू निवडावे लागतात. कॉलेजात असताना आपण एकमेकींना लिहायचो, तसंच लिहू. निदान वाक्य पुरं होईल.

आज सकाळी आपली साइट, ‘वऱ्हाडचा पार’, उघडली आणि रडायला आलं. कुणी अकोटच्या माणसानं कपाशीवरच्या लाल्या रोगाबद्दल विचारलंय. त्याच्याखाली सतरा उत्तरं. एक जुगाराचं, एक परदेशी घड्याळाचं, आणि बाकीची अशा गोळ्यांची, की मी नाव घेतलं तर अब्बा मला गाद्यांच्या दुकानावरचा हा माझा कॉम्प्युटरचा क्लास बंद करून घरी बसवतील. प्रत्येकाच्या शेपटाला एक लिंक. त्या भल्या माणसानं एका लिंकवर बोट ठेवलं आणि त्याचं मशीन बसलं. तो आता आपल्याला शिव्या देतोय, आणि देणारच.

पण मला काळजी ‘एकट्या बायांच्या कट्ट्या’ची आहे. चार वर्षांमागं कर्जापायी गावोगाव माणसं जीव देत होती तेव्हा त्यांच्या बायकांसाठी आपण तो उघडला. तिथं आता बायका येईनाशा झाल्या. असली घाण बघायला कोण येईल? एक जयवंता तेवढी येते, आठवड्यातून एकदा, पाहुणी म्हणून, नाव न नोंदवता. तुला सांगितलं होतं तिचं. नवरा गेला, दिरानं तिच्या पंधरा वर्षांच्या वेणूचं लग्न ठरवलंय, अक्षय्यतृतीयेला. तिला ते थांबवायचंय. मीच तिला बजावलं, की गावाचं नाव उघड्यावर लिहू नको, दहा लोक वाचतात. वेळ आली की सांग, मी माणसं घेऊन येते. तिनं लिहिलं, “ताई, पोरीले नर्स करायचं हाय मले. तुमी याल ना?” मी ‘येईन’ म्हणून बसलेय.

तू म्हणतेस पाहुण्यांचं दार बंद करू. मी नाही म्हणत होते, पण सर्व्हरवाल्यांनी कालच साइट बंद करायची धमकी दिलीय, त्यामुळं आता इलाज नाही. मात्र माझी एक युक्ती ऐक. अब्बांच्या दुकानात नवा माणूस आला की गादीचा भाव सांगायच्या आधी ते विचारतात, “कोन्या गावचे? कोनाचे?” माणूस सांगतो, अमक्याचा पुतण्या, तमक्याचा जावई, आणि मग चहा येतो. नाव नोंदवताना आपण तेवढंच विचारू. ही घाण टाकणाऱ्या यंत्राला गाव नसतं आणि ते कोणाचं नसतं. जयवंताला दोन रकाने भरावे लागतील, एवढंच.

तुझी,
जेबा


अमरावती,
१९ फेब्रुवारी २०११

प्रिय जेबा,

बाई, तुझ्या अब्बांना संगणकशास्त्राची डॉक्टरेट द्यायला पाहिजे. मी अकरावीच्या पोरांना इथं सुरक्षेवर व्याख्यानं झोडते आणि मला हे सुचलं नाही. परवापासून नियम लावला.

नावाचा रकाना आहेच, खरं नाव घालायचं, पारावर दुसरं दिसलं तरी चालेल. मग ‘गाव’. मग ‘तुम्ही कोणाचे?’ त्यात मी एक भर घातली. ज्याचं नाव सांगाल त्याचा फोन नंबरही द्यायचा. तुझा भाऊ अरीब तसाही दिवसभर मोबाइल कानाला लावून हिंडतो, त्यानं त्या नंबरवर विचारायचं, हा माणूस तुमचा का? हो म्हटलं की दार उघडायचं. अर्ज माझ्याकडे येतील, मी चाळून अरीबला देईन, उरलेले केराच्या टोपलीत.

तू म्हणशील कडक झालं. होऊ दे. आपल्याकडे कोणी आभाळातून पडत नाही, माणूस म्हटला की तो कोणाचा तरी असतोच. सध्या बारावीच्या परीक्षा आहेत, म्हणून आवरते.

तुझी,
रागिणी


बाळापूर,
१३ मार्च २०११

प्रिय रागिणी,

पार झाडून निघाला. तीन आठवड्यांत एक जुगारवाला फिरकला नाही. अब्बांना सांगितलं तर ते दुकानात येईल त्याला ऐकवतात, की पोरीच्या कॉम्प्युटरमध्ये माझा सवाल बसवलाय. अरीबही खूश आहे. परतवाड्याच्या एका म्हाताऱ्यानं ‘कोणाचे’च्या रकान्यात पणज्यापर्यंत वंशावळ लिहिली, आणि अरीबनं फोन केला तर त्याच्या मुलानं उलट अरीबलाच विचारलं, तू कोनाचा बे? दोघांची चांगली दोस्ती झालीय.

पण जयवंता आली नाही. दार बंद झालं त्या दिवसापासून तिचा एक शब्द नाही. आधी वाटलं, कापूस वेचायला जात असेल. आता कापूसही संपला. तुझ्याकडे अर्ज येतात त्यांत जयवंता नावाचा असेल तर अरीबची वाट बघू नको, सरळ मला कळव. मी तिला ‘येईन’ म्हटलंय आणि कुठं यायचं ते मला माहीत नाही. अक्षय्यतृतीया सहा मेला आहे.

तुझी,
जेबा


अमरावती,
२७ मार्च २०११

प्रिय जेबा,

जयवंता नावाचा अर्ज नाही. मी मशीनलाच शोधायला लावलं, एकही नाही. तू जीव टांगणीला लावू नको. अशा बायका येतात, मन हलकं करतात, जातात. कदाचित दिरानंच विचार बदलला असेल.

मला वेगळीच डोकेदुखी आहे. तुझ्या अब्बांच्या सवालावर यंत्रांनी तोड काढायला सुरुवात केलीय. आता ती आपल्याच पारावरची वाक्यं उचलतात, जुनी नावं उचलतात, आणि अर्जात भरून आपल्यालाच चिकटवतात. परवा एकानं स्वतःचं नाव ‘कपाशी लाल्या’ लिहिलं, गाव ‘नमस्कार मित्रांनो’. एकानं तर ‘कोणाचे’च्या रकान्यात लिहिलं ‘कोणाचीच नाही’. फोन नंबरची जागा कोरी. म्हटलं, यंत्रंही आता आध्यात्मिक झाली. रोज अडीच-तीनशे असे येतात. मी ओळींमागून ओळी निवडते आणि टोपलीत टाकते. डोळे गेले माझे.

अरीबला सांग, त्याचा मित्र परतवाड्याचा म्हातारा पारावर राजकारणावर फार लिहितो, जरा आवर.

तुझी,
रागिणी


बाळापूर,
१७ एप्रिल २०११

रागिणी,

काल फोनवर मी जे बोलले त्याची माफी मागत नाही. ‘अशा बायका’ हा शब्द तू दोनदा वापरलास.

मी गेल्या महिन्यात काय काय केलं ते ऐक. अकोल्याला बालविवाहाची तक्रार घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, गाव? मी म्हटलं, माहीत नाही. आडनाव? माहीत नाही. मग साहेब चहा मागवून माझ्याकडे असं बघू लागले, की जशी मीच खुळी आहे. तेल्हाऱ्याला गेले, अकोटला गेले, जयवंता नावाच्या पाच बायकांच्या दारात उभी राहिले. एक सत्तर वर्षांची, एकीला मूलच नाही, एकीनं मला पोलिओच्या थेंबांची बाई समजून नातू आणून दिला. तिच्या बोलण्यात एकदा डोंगराचा उल्लेख होता, एवढ्यावर मी सातपुड्याच्या पायथ्याची गावं धुंडाळतेय. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनाही विचारलं. गरिबाच्या लग्नाला पत्रिका कुठली?

मीच तिला सांगितलं होतं ना, गाव लिहू नको म्हणून? तिनं ऐकलं. आणि नंतर मीच दाराला तो सवाल लावला. मला आता झोपेतही तेच दिसतं.

तू म्हणतेस मशीननं शोधलं. मशीनला सोड. ती टोपली उलटी कर आणि एक एक अर्ज हातानं बघ, तांदूळ निवडतो तसा. बाई असेल, गाव असेल, काहीही असेल ते मला सांग. एकोणीस दिवस उरलेत. रागिणी, मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते.

जेबा


अमरावती,
२ मे २०११

जेबा,

तासाभरापूर्वी मी तुला फोनवर ‘हिवरखेड’ एवढंच सांगितलं आणि तू पुढचं न ऐकता फोन ठेवलास. लगेच परत लावला तर अरीब म्हणाला, तू अब्बांना घेऊन निघालीससुद्धा. हे पत्र मिळेल तेव्हा तू परत आली असशील, आणि जे फोनवर सांगायचं माझं धाडस झालं नसतं ते तुला वाचावं लागेल.

तीन अर्ज होते. तिन्हींवर नाव ‘वेणू’, गाव ‘हिवरखेड’. जयवंता असं मी शोधत होते, म्हणून सापडले नाहीत. तिनं बहुधा पोरीच्या नावानं भरले, खरं नाव सांगायला भ्याली असेल.

पहिला फेब्रुवारीअखेरचा. ‘तुम्ही कोणाचे?’ पुढं, ‘कोणाचीच नाही’. हाच तो, ज्याच्यावर मी तुला विनोद लिहिला. आज उमजलं मला. ती काय लिहिणार होती? दिराचं नाव लिहावं तर अरीबचा फोन दिरालाच गेला असता.

दुसरा मार्चमधला. त्यात तो रकाना कोराच आहे.

तिसरा २१ एप्रिलचा. तेव्हा तुझं पत्र माझ्या टेबलावर होतं, जेबा, बोर्डाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. मी म्हटलं, पेपर तपासून झाले की निवांत बसून टोपली बघू. त्या दिवशीचे अर्ज चाळताना हा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि मी वाचलाही. वेणू हे नाव जयवंताच्या लिहिण्यातलं आहे हे मला कळलं. मला वाटलं, यंत्रानं उचललं. आणि ‘तुम्ही कोणाचे?’ पुढं जे होतं ते वाचून तर माझी खात्रीच झाली, की हे पारावरून चोरलेलं आहे. तिथं लिहिलं होतं,

‘पारावरच्या जेबाताईची’.

फोन नंबरच्या जागी तुझा नंबर. तो साइटवर खालीच आहे ना.

मी तो टोपलीत टाकला आणि चहा प्यायला उठले. मला दुसरं काही लिहिता येत नाही. तिला वेळेवर गाठ, मग मला काय वाटेल ते बोल.

रागिणी


बाळापूर,
८ मे २०११

रागिणी,

लग्न २५ एप्रिललाच झालं. नवरदेवाकडच्यांना घाई होती, म्हणून तारीख अलीकडे घेतली. म्हणजे तिचा तिसरा अर्ज आला तेव्हा चार दिवस हातात होते. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मी स्वतः दिवसातून दहादा मोजते.

आता जे सांगते ते बसून वाच.

हिवरखेड मोठं गाव आहे. अब्बांनी सरकीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली आणि घर सापडलं. दारावरचं आंब्याचं तोरण वाळून खडखडीत झालं होतं. चाळिशीच्या आतलीच बाई, वाळलेली, डाळ पाखडत बसलेली. दीर वावरात गेला होता. मी म्हटलं, जयवंताबाई, मी जेबा, पारावरची. तिनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, “कोन्ता पार?”

मला वाटलं घाबरून बोलतेय. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, तुमची वेणू, तुम्ही लिहायच्या, मी येईन म्हटलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, मले तर त्या मशिनीले हात लावताबी येत नाही. मले लिहताच कुठं येते?”

वेणू लिहायची, रागिणी. सगळं वेणूच लिहायची. गावात कॉम्प्युटरचा एक क्लास आहे, तिथं ती शाळेआधी झाडझूड करायची आणि त्या बदल्यात मास्तर तिला आठवड्यातून एकदा बसू द्यायचा. घरात फोन एकच, तो दिराच्या खिशात. लेकराचं कोण ऐकतं, म्हणून तिनं आईचं नाव घेतलं. म्हणजे आपण वर्षभर ज्या आईला धीर देत होतो, ती आई नव्हतीच. एक नववीतली पोरगी आपल्याला विचारत होती, ‘माझ्या पोरीचं लग्न कसं थांबवू?’ आणि तू अर्जात खरं नाव मागितलंस तेव्हा तिनं बिचारीनं खरं नाव लिहिलं.

जयवंताबाईंचं पाखडणं थांबलं. सूप तसंच मांडीवर. मग विचारलं, “काय लिहे ते माह्या नावानं?” मी सांगितलं. की मी पोरीला नर्स करीन. की दीर ओरडला तरी मी त्याला उत्तर देते. की माझी पोर हुशार आहे, मी तिला असं जाऊ देणार नाही. त्या ऐकत होत्या, आणि एवढंच म्हणाल्या, “असं म्हने मी?”

खरं तर त्यांनी लग्नाला होकार दिला होता. दिरानं विचारलं आणि त्या हाव म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या, हे मला त्यांच्या घरात उभं राहिल्यावर कळलं. वेणूला कुठं दिलं तेही त्यांना धड माहीत नाही. डोंगराच्या पल्याड, मेळघाटाकडं कुठं तरी, एवढंच. वऱ्हाडी जीपमधून आले आणि जीपमधून गेले.

तेवढ्यात दीर आला. अब्बांच्या दाढीकडे आणि माझ्या ओढणीकडे बघून त्यानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. अब्बांनी हात जोडले आणि मला बाहेर काढलं. पोलिसांत अर्ज दिलाय. ते म्हणतात, मुलाचा पत्ता आणा. ग्रामसेवक म्हणतो, मला लग्नाची खबर नव्हती, पण पंगतीत तो बसला होता हे शेजारणीनं मला सांगितलं.

तुझं पत्र मी परत आल्यावर वाचलं. ‘पारावरच्या जेबाताईची’. मी तुझ्यावर चिडायला बसले होते, ते जमलं नाही. सवाल माझा होता. अब्बांना मी ही ओळ वाचून दाखवली. त्या दिवसापासून ते दुकानात कुणाला काही विचारत नाहीत. माणूस आला की भाव सांगतात.

जेबा


अमरावती,
२६ जून २०११

प्रिय जेबा,

अरीब आज मशीनचे सुटे भाग घ्यायला अमरावतीला आलाय, त्याच्याच हाती हे देते. फोनवर सांगितलं असतं, पण हे तुला जयवंताबाईंना वाचून दाखवावं लागेल, म्हणून जसंच्या तसं उतरवून पाठवतेय.

मेमधलं तुझं पत्र वाचून, तुला न विचारता मी तुझा सवाल काढून टाकला होता हे तुला दुसऱ्याच दिवशी कळलंच. पाहुण्यांचं दार सताड उघडलं. त्यानंतर जे लोंढे आले ते तू बघतेच आहेस. सकाळी तू काढतेस, संध्याकाळी मी काढते, तरी तळ दिसत नाही. सर्व्हरवाल्यांनी दोनदा पत्र धाडलंय, महिनाअखेर साइट बंद करू म्हणून. निम्मे जुने सदस्य सोडून गेले. परतवाड्याच्या म्हाताऱ्यानं जाताना मला ‘बेजबाबदार’ म्हटलं. मला कळतं की हे असं चालणार नाही. पण मी आता एकही ओळ न वाचता टाकू शकत नाही. घड्याळं, जुगार, गोळ्या, सगळं शेवटपर्यंत वाचते आणि मग टाकते. नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. फिरलंच असेल.

काल अशाच शंभर-दीडशेच्या मध्ये एक होतं. खाली जाहिरातीची लिंकही चिकटलेली, जिथून लिहिलं तिथल्या मशीनला लागलेला रोग असणार. आधीच्या दिवसांतली मी असते तर लिंक बघूनच टाकलं असतं. ते असं आहे:

“जेबाताई मी वेणू. जयवंता माही माय हाय, मी नाही. मी खोटं लिहत होती, राग नका धरू. मले धारणीकडं देलं. गावाचं नाव लिहत नाही, तुमीच सांगतलं होतं उघड्यावर लिहू नको म्हनून. शुक्रवारी धारणीच्या बाजारात आनतात, बस स्टँडाजवळ कांद्याच्या दुकानावर बसवतात, तवा सासू संगं राह्यते. आज ती दवाखान्यात गेली म्हनून मोबाइलच्या दुकानात आली. हे पान उघडन असं वाटलं नव्हतं. मायले सांगजा मी तिच्या नावानं लिहलं म्हनून. तिले राग आला तरी चालते. मले इथं राहाचं नाही.”

मी तिला तिथं उत्तर लिहिलं नाही. कोण वाचेल कुणास ठाऊक. तिचं लिहिलेलंही पारावरून उचलून माझ्याकडे ठेवलंय. मला एकच भीती आहे, की ती पुन्हा येऊन बघेल आणि तिला वाटेल, आपलं परत पुसलं.

शुक्रवार एक जुलैला आहे. मी कॉलेजात रजा टाकली. इथल्या बालकल्याण समितीतल्या दोन बायका माझ्यासोबत यायला तयार आहेत आणि धारणीच्या ठाण्यात त्यांनी बोलून ठेवलंय. पण त्या म्हणतात, घरचं कुणी सोबत असेल तर बरं. तिथं सासू पोरीचा हात धरून बसली तर आपण कोण, असं लोक विचारतील. आईनं यायला पाहिजे. जयवंताबाई येतील का, ते मला माहीत नाही. दिराच्या घरात राहतात, उद्या त्यांना तिथं थारा मिळायचा नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. फसवून आणू नको.

तुझी,
रागिणी


बाळापूर,
२९ जून २०११

प्रिय रागिणी,

आमच्या बाजूची नगमा आज अमरावतीला सासरी चाललीय, तिच्याकडे हे देते, म्हणजे उद्या तुझ्या हाती पडेल.

काल मी हिवरखेडला गेले. घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून व्यापाऱ्याच्या बायकोनं जयवंताबाईंना सरकी निवडायच्या निमित्तानं बोलावून घेतलं. मी तुझं उतरवलेलं वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, फक्त ‘तिले राग आला तरी चालते’ एवढंच.

मी तुझं सगळं सांगितलं, की परत दिराच्या घरी घेणार नाहीत, गाव नावं ठेवेल, पोलिसांपुढं बोलावं लागेल, आणि एवढं करून पोरगी लगेच हातात येईलच असं नाही. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले, सरकीच्या ढिगातून उठल्या आणि घराकडे गेल्या. मला वाटलं, संपलं. व्यापाऱ्याची बायको म्हणाली, बाई, तिचं काय चुकलं, ती तरी कुठं जाईल.

त्या परत आल्या तेव्हा हातात पिशवी होती. त्यात एक लुगडं आणि वेणूचा शाळेचा ड्रेस. दिराला सांगून आल्या का, असं मी विचारलं. हाव म्हणाल्या. काय म्हणाला? ते सांगितलं नाही, पण गालावर बोटं उठली होती.

आता त्या इथं आमच्याकडे आहेत, अम्मीजवळ बसल्यात. उद्या अकोटहून धारणीची गाडी धरतो, अब्बा सोबत येतायत, आणि रात्री तिथल्या एका ओळखीच्याकडे राहतो. शुक्रवारी सकाळी तू स्टँडवरच थांब.

येताना एसटीत त्या अकोटपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाई, पोरीनं लिहली तशी माय मले आता होता येईन का?”

मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, तिथं गेल्यावर साहेबापुढं काय म्हणायचं ते मला सांग. मी म्हटलं, वेणूनं तुमच्या नावानं जे लिहिलं तेच म्हणा. तेव्हापासून त्या ते पाठ करतायत. आता अम्मीला म्हणून दाखवतायत, मला इथपर्यंत ऐकू येतंय. “माही पोरगी हुशार हाय. मी तिले जाऊ देनार नाही.” मध्येच अडखळतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

तुझी,
जेबा